तेरडा आणि गुलमेहंदी

भादव्यात पाऊस हात आखडता घेऊ लागला, की आमच्या उर्दू शाळेच्या बागेत कामे वाढतात. बाग म्हणजे तरी काय, कंपाउंडच्या भिंतीलगतची १० फूट रुंदीची पट्टी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावची माती काळी. पाणी तुंबले की झेंडूची मुळे कुजतात. म्हणून आधी चर मोकळे करायचे, मग तण उपटायचे आणि खुरप्याने माती हलवून बुंध्यांना भर द्यायची. आषाढात लावलेल्या झेंडूचे शेंडे वेळीच खुडले की त्याला भरपूर फुटवे येतात. आता त्यांना काठ्यांचा आधार द्यायचा. शेवंती मात्र सावकाश चालते. रात्र मोठी होऊ लागल्याशिवाय ती कळी धरत नाही.

ही सगळी कामे आम्ही सहावी-सातवीच्या मुलांबरोबर करतो, आणि मराठीतून बोलत करतो. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीला मराठी शाळेत जावे लागते. घरी दखनी, वर्गात उर्दू, मराठी फक्त एका तासापुरती. त्यामुळे काही मुले, विशेषतः मुली, या उंबरठ्यावरच थांबतात. "सर, तिला मराठी झेपणार नाही," असे पालक सांगतात. गणितात पुढे असलेली मुलगी केवळ चारचौघांत तोंड उघडायच्या भीतीने घरी बसते. बी.एड.ला आम्ही भाषाशिक्षणाच्या पद्धती पाठ केल्या होत्या. पण हातात खुरपे असले की मुले भीती विसरून बोलतात, हे आम्हाला बागेत कळले.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण शिकवली, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, तेरडा म्हणजे काय?" आम्ही खिडकीतून भिंतीकडे बोट दाखवले. "अरे, ये तो गुलमेहंदी है!" सारा वर्ग हसला. मग नावांच्या जोड्या लावण्याचा खेळच सुरू झाला. गेंदा म्हणजे झेंडू, गुलदाऊदी म्हणजे शेवंती, हरसिंगार म्हणजे पारिजातक. दुपारी ४ च्या सुमारास उमलणाऱ्या गुलअब्बासला मराठीत गुलबक्षी आणि गुलबासही म्हणतात हे ऐकून मुलांना नवल वाटले. आपला एक शब्द मराठीच्या घरात आधीच नांदतो आहे!

आमच्या भागात तेरड्याची रोपे आणून गौरी बसवतात. गेल्या वर्षी गौरींच्या आदल्या दिवशी शेजारच्या आळीतल्या दोन बाया रोपे मागायला आल्या. म्हणीचा अर्थ विचारणारी तीच मुलगी पुढे झाली. "काकू, असं ओढू नका, मुळं तुटतील. आधी माती सैल करा." रोपे मुळांसकट निघाली. एकीने कौतुकाने विचारले, "मराठी छान बोलतेस की! कुठली गं तू?"

"इथलीच, काकू. पलीकडच्या मोहल्ल्यातली."

आम्ही काही बोललो नाही. पण झेंडू मूळचा मेक्सिकोचा, गुलबक्षी अमेरिका खंडातली आणि सदाफुली मादागास्करची, हे दुसऱ्या दिवशी वर्गात मुद्दाम सांगितले. दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूला त्याचे गाव कुणी विचारत नाही. त्याने इथल्या मातीत मूळ धरले, एवढे लोकांना पुरते. आणि तेरडा तर याच मुलखाचा. कासच्या पठारावर त्याच्याच कुळातली फुले बघायला लांबून माणसे येतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस उघडला की गुलाबाची छाटणी होते. फांद्या कापताना मुलांचा जीव हळहळतो. साधारण ४५ दिवसांनी नव्या फुटीवर फुले आली की ती हळहळ जाते. याच दिवसांत बीही धरायचे असते. गुलबक्षीचे बी मिऱ्यासारखे काळे, ते सहज वेचता येते. तेरड्याची बोंडे मात्र हात लागताच फुटतात. पिशवी खाली धरूनच ती खुडावी लागतात. बियांच्या पाकिटांवर मुले एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत नाव लिहितात.

त्या मुलीचे नाव जूनमध्ये मराठी शाळेत आठवीला दाखल झाले. जाताना तिने तेरड्याचे एक पाकीट मागून नेले. त्या शाळेला अंगण मोठे आहे.