प्रक्षेपणाचा मुहूर्त

आमच्या घरांतील कार्याचा मुहूर्त आजवर पंचांग पाहून ठरत आला. मामंजींच्या रविवारच्या गीतापाठाची वेळ काढावयास मात्र चार शहरांचीं घड्याळें समोर मांडून बसावें लागलें. टाळेबंदीच्या वर्षीं, 2020 मध्यें, ते यूट्यूबवरून थेट बोलूं लागले. पुढें बाहेरचे श्रोतेहि पुष्कळ आले. पण घरचींच माणसें पांगलेलीं: भावोजी कॅलिफोर्नियांत, वन्सं लंडनला, आणि आमची मुलगी मेलबर्नला. थेट पाठाचें सार्थक मध्येंच प्रश्न विचारतां येण्यांत आहे. एरवीं मुद्रित पाठ काय, केव्हांहि ऐकावा.

पुतण्यानें यूट्यूबचा आलेख दाखविला. आपले प्रेक्षक कोणत्या वारीं, कोणत्या तासाला तेथें असतात, तें त्यांत जांभळ्या छटांनीं दिसतें. सर्वांत गडद छटा रात्रीं नऊची होती. पण नऊला मामंजींचे डोळे मिटूं लागतात, आणि मेलबर्नला तेव्हां मध्यरात्र उलटून गेलेली. शिवाय जे येतात त्यांचीच वेळ आलेख सांगणार. गैरसोयीमुळें ज्यांना येतांच येत नाहीं, त्यांची नोंद त्यांत कोठून असावी?

मीं सकाळचे आठ सुचविले. डिसेंबर चालू होता. तेव्हां मेलबर्नला दुपारचा दीड, व कॅलिफोर्नियांत शनिवारची संध्याकाळ, साडेसहा. लंडनला रात्रीचे अडीच वाजतात, हें मला ठाऊक होतें. “वन्सं मागाहून ऐकतील,” असें मीं म्हटलें. लेकीची सोय पाहतांना नणंदेचें नसणें मला हलकें वाटलें, हें लिहावयास आज संकोच होतो.

पहिल्याच रविवारीं सहावा अध्याय चालू होता. अति झोपणाऱ्यास आणि अति जागणाऱ्यास योग साधत नाहीं, हें मामंजी समजावीत होते, तोंच पडद्याच्या कडेला वन्संचा प्रश्न उमटला. सासूबाईंनीं नांव वाचलें. “अगबाई, तिकडे रात्र ना?” मामंजी थांबले. “प्रश्न चांगला आहे. उत्तर पुढच्या रविवारीं. आतां नीज.” शेंकडों श्रोत्यांनीं तें ऐकलें. मीं मान वर केली नाहीं.

अखेर अकरा ठरले. लंडनला पहाटेचे साडेपांच, मेलबर्नला दुपारचे साडेचार, कॅलिफोर्नियांत रात्रीचे साडेनऊ. आलेखांत हा तास अगदींच फिका. स्वयंपाकघराला तर कोणी विचारलेंच नव्हतें! पाठ चालू असतां कुकरच्या शिट्ट्या नकोत, म्हणून रविवारचें जेवण दीडवर गेलें, आणि पहिले कांहीं आठवडे मुलें भुकेनें कुरकुरलीं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारीं अमेरिकेचें, शेवटच्या रविवारीं लंडनचें आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारीं मेलबर्नचें घड्याळ सरकतें. आपलें तेवढें जागच्या जागीं. सासूबाईंनीं चारी वेळांचा कागद फडताळाला चिकटविला आहे. तो त्यांनीं पेन्सिलीनें लिहिला आहे, आणि खोडरबर शेजारींच दोऱ्यानें बांधून ठेवलें आहे.