अंधारात उघडायची पिशवी

सांगलीकर पुराचा अंदाज आयर्विन पुलावरून घेतात. पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ला धोका. ऑगस्ट २०१९मध्ये ते ५७ फुटांवर गेलं. तरी कृष्णा फुटाफुटानं चढते, सामान माळ्यावर टाकायला थोडा वेळ मिळतो. २२ जुलै २०२१ला चिपळूणला तो मिळाला नाही. वाशिष्ठी पहाटे बाजारपेठेत शिरली, वीज गेली, मोबाइल बंद पडले. आपत्कालीन पिशवी भरायची ती चिपळूण डोळ्यांपुढे ठेवून.

म्हणूनच सराव असलेला माणूस यादीइतकंच लक्ष क्रमाकडे देतो. सगळ्यात वर विजेरी. तिच्यातले सेल पडून राहिले की गळतात, स्प्रिंगवर पांढरट थर धरतो आणि ऐन वेळी उजेड पडत नाही, म्हणून पावसाळ्याआधी सेल नवे घालायचे. खाली बीपी-मधुमेहाच्या आठवडाभराच्या गोळ्या, अख्ख्या स्ट्रिपसकट. कात्रीनं तुकडा कापला की औषधाचं नाव किंवा मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते, आणि मदतकेंद्रातल्या डॉक्टरला तीच हवी असते. ओआरएसच्या पुड्यांबरोबर लिटरची बाटली हवीच. मोठी पुडी लिटरभर पाण्यासाठी असते. पेल्याभर पाण्यात कालवली तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवायचं.

कागदपत्रांच्या प्रती, थोडी सुटी रोकड, शिट्टी. हे सगळं घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत.

प्रवासातली पिशवी लहान असते, पण तिची जागा महत्त्वाची. २६ जुलै २०१९च्या रात्री कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण झाली. अशा वेळी बर्थखालच्या बॅगेतल्या गोळ्यांचा भरवसा नसतो. पाणी, खजूर-शेंगदाणे, औषधं आणि पॉवर बँक अंगावरच्या पिशवीत हवी.

पिशवी भरून झाली की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ती उचलायला सांगावं. त्यांना झेपली नाही, तर त्यातलं काहीतरी कमी करायलाच हवं. मग एका रात्री दिवे मालवून ती उघडून पाहावी.

मे महिन्यात गोधड्या उन्हात घालाल त्या दिवशी ही पिशवीही रिकामी करा, मुदती तपासा, आणि १०८, ११२ व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक बॉलपेननं कागदावर लिहून आत ठेवा.