दुसरे ताट

गेल्या श्रावणात तीन दिवस आमच्या घरी एक पाहुणा जेवायला होता. तो बोलत नसे, नावे ठेवत नसे, ढेकरही देत नसे. पाहुणा म्हणजे झाकणाच्या बरण्या. माणशी रोज एक!

रसायनशास्त्र शिकलेली माझी भाची त्या घेऊन आली. अन्नावाटे माणसाच्या पोटात शिसे, कॅडमियम, पारा किती जातो, हे मोजण्याचा तिचा उद्योग. रीत साधी: जेवढे तोंडात, तेवढेच बरणीत. एक पोळी खाल्ली तर एक बरणीत, अर्धा कप चहा घेतला तर अर्धा कप, पाणीसुद्धा! मग सगळ्याचा लगदा करून आम्लात विरघळवायचा, यंत्राने धातू मोजायचे आणि त्या आकड्याला माणसाच्या वजनाने भागायचे.

"त्यापेक्षा डब्यातली हळद तपासावी," मी शहाणपणा केला. रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळणारे महाभाग असतात, एवढे मला ठाऊक होते.

"तीही तपासतात, मामा. पण तुम्ही हळद किती खाता, ते डबा कसा सांगेल? आणि पातेल्याची कल्हई? कथिलात शिसे मिसळलेले असले, तर आंबट आमटी ते ओढून घेते."

"पण किती चालते?"

"दर किलो वजनामागे आठवड्याला २५ मायक्रोग्रॅम शिसे, अशी जागतिक तज्ज्ञांनी मर्यादा धरली होती. २०१० साली त्यांनीच ती मागे घेतली. निर्धोक म्हणावा असा आकडाच त्यांना सांगता येईना."

आईने पहिल्या दिवशी बरणीतही आधी मीठ वाढले. मी चौथे भजे हातात घेऊन थबकलो; पाचवे खाल्ले ते भाचीची पाठ वळल्यावर. शास्त्राचे एवढे नुकसान मी केले, हे कबूल करतो.

तिसऱ्या रात्री बरण्यांचे वजन झाले. माझी सर्वांत जड. हिची सर्वांत हलकी.

"मामी, तुझ्या बरणीत भाजी कुठे आहे?"

"संपली होती गं. ताकभात घेतला."

तिन्ही दिवसांच्या बरण्यांत तेच होते. भाची थोडा वेळ गप्प बसली. मग तिने जपानातल्या जिंझू नदीची हकीकत सांगितली. खाणीतले कॅडमियम नदीतून भातशेतीत गेले, भातातून माणसांत. हाडे इतकी ठिसूळ झाली, की "दुखतंय, दुखतंय" हेच त्या रोगाचे नाव पडले: इताई-इताई. १९६८ साली तिथल्या सरकारने कारण मान्य केले. रोगी बहुतेक बायकाच. उतारवयातल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या.

"अंगात लोह कमी असले, की शरीर कॅडमियम जास्त शोषून घेते," ती म्हणाली. "म्हणजे थोडे खाल्ले म्हणून सुटका नाही." मग वही उघडून म्हणाली, "मामीचे वजन घ्यायचे राहिले."

ही पदराला हात पुसत काट्यावर उभी राहिली. लग्नाला छत्तीस वर्षे झाली. मी तिला तिचे वजन कधी विचारले नव्हते.

४१ किलो. भाचीने आकडा लिहून घेतला आणि बरण्या पिशवीत भरू लागली.