सेनिओच्या बांधावर

आमच्या शिवारात ओढ्याकाठी एक उंच बांध होता. सारा गाव त्यावरून ये-जा करी. तात्या तेवढे खालून, चिखल तुडवीत चालत. आम्ही पोरे वर चढलो की ओरडत, "खाली उतरा! डोकं वर काढू नका!" आई म्हणे, "लढाईवरनं आल्यापासनं हे असंच."

तात्या मराठा पलटणीत साधे शिपाई. इटलीत लढले, परत आले आणि नांगराला लागले. लढाईचे विचारले की एवढेच सांगत, "सेनिओ. नदी लहान, बांध मोठे."

माझी नात बोलोन्याला शिकते. गेल्या एप्रिलात तिच्याकडे गेलो, तेव्हा म्हटले, तात्यांची नदी तरी पाहून येऊ. आधी फोर्लीला गेलो. तेथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचे दहन झाले अशा सुमारे ८०० जणांचे स्मारकही. ओळखीची आडनावे वाचता वाचता मनात आले, यात एक नाव नाही म्हणून आज मी येथे उभा आहे.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने लूगोला उतरलो. द्राक्षांच्या मळ्यांतून चालत गेलो आणि सेनिओ दिसली. नदी कसली, आपल्याकडचा ओढाच! पण दोन्ही काठांना पुराचे पाणी अडवणारे, घराएवढे उंच बांध. १९४५ च्या जानेवारीपासून लढाई येथेच अडून राहिली होती. जर्मनांनी बांध पोखरून त्यांत ठाणी केली होती, भोवती सुरुंग पेरले होते. माथ्यावर डोके दिसले की गोळी यायची.

९ एप्रिल १९४५ रोजी तात्यांच्या पलटणीने, म्हणजे १/५ मराठाने, नदी ओलांडली. कंपनीचे निरोपे नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. मग पुन्हा पुढे जाऊन एकट्याने मशिनगनची तीन ठाणी गप्प केली. हाताला जखम झाली तेव्हा बंदूक टाकून हातबाँब फेकले आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. त्या हाकेवर मागच्या तुकड्या पार झाल्या. जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मागच्या त्या तुकड्यांत तात्या होते.

मला १९८४ चा पावसाळा आठवला. जाधव वारल्याची बातमी मी तात्यांना वाचून दाखवली होती. ते काही बोलले नाहीत. टोपी घालून शिवारात गेले. मी मागोमाग गेलो, तर तात्या बांधाच्या माथ्यावर, भर पावसात, ताठ उभे! मला वाटले, म्हातारपणी डोके फिरले. हात धरून मीच त्यांना खाली आणले.

"आजोबा, ऊन लागेल. उतरायचं ना?" नातीने विचारले.

"थांब जरा," मी म्हटले आणि टोपी नीट केली.