25 जुलै आणि कपाटाची किल्ली

आज 25 जुलै. दर पाच वर्षांनी याच तारखेला दिल्लीत नवे राष्ट्रपती शपथ घेतात. ही तारीख घटनेत कुठेही लिहिलेली नाही बरं का. 1977 च्या फेब्रुवारीत फक्रुद्दीन अली अहमद पदावर असतानाच गेले. नंतर नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले आणि त्यांनी 25 जुलैला शपथ घेतली. तेव्हापासून प्रत्येकाने पाच वर्षं पूर्ण केली, म्हणून तारीख टिकली.

2007 ला आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांची शपथ मी इथे दिवेआगरला टीव्हीवर बघितली. बाहेर धो धो पाऊस, लाईट येऊन-जाऊन. घोडेस्वार, 21 तोफांची सलामी, सगळा थाट होता. पण आईचं लक्ष खुर्च्यांकडे. शपथ झाली की मावळते आणि नवे राष्ट्रपती जागा बदलतात, ही तिथली रीत. कलामसाहेब उठले तेव्हा आई म्हणाली, "बघ, माणूस कसा सहज उठला."

2017 ला तर रामनाथ कोविंद शपथ घेऊन प्रणव मुखर्जींना त्यांच्या नव्या घरी सोडायला गेले. मला ही प्रथा तोफांपेक्षा मोठी वाटते.

आता आपल्याकडचं सांगतो. जानेवारी 2021. ग्रामपंचायतींचे निकाल 18 तारखेला लागले. 20 तारखेला वॉशिंग्टनला बायडेन यांची शपथ होती आणि ट्रम्प तिकडे फिरकलेच नाहीत. 1869 मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांनी असंच केलं होतं. आम्ही नाक्यावर चहा पीत अमेरिकेला हसत होतो.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या एका गावात नवा सरपंच बसला. गुलाल, ढोल, हार. मी फोटो काढले, बातमी दिली, छापून आली. आठवड्याने कळलं की जुन्या सरपंचांनी चार्जच दिलेला नाही. शिक्का त्यांच्या घरी, कपाटाची किल्लीही त्यांच्याच घरी.

त्या गावातली एक आजी घराच्या असेसमेंट उताऱ्यासाठी तीनदा पंचायतीत जाऊन आली होती. निसर्ग वादळात तिच्या घराचे कोने उडाले होते, डागडुजीच्या कर्जाला तो कागद हवा होता. मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "अरे, तू पेपरात लिहितोस ना? मिरवणुकीचं लिहिलंस, आता किल्लीचं लिही की."

मी नाही लिहिलं.

कारण सांगतो. मी पेपरचा पगारी माणूस नाही. आमचं घर चालतं जाहिरातींच्या कमिशनवर, आणि दिवाळी, वाढदिवस, पंधरा ऑगस्टच्या शुभेच्छांच्या माझ्या सगळ्यात मोठ्या जाहिराती त्याच माजी सरपंचांच्या असायच्या. मी स्वतःला समजावलं की गावकीचं भांडण आहे, मिटेल. मिटलं, पण दीड महिन्याने. तोवर पाऊस जवळ आला होता आणि आजीने त्या वर्षीही प्लास्टिकच बांधलं.

राष्ट्रपती शपथेत काही गोष्टी कबूल करतात. संविधान आणि कायद्याचं रक्षण, आणि जनतेची सेवा. खुर्ची कशी सोडायची, हे त्या शपथेत नाही. ते प्रथेवर, माणसाच्या लाजेवर सोडलंय. म्हणून ते बघणारं कोणीतरी लागतं. गावात ते काम माझं होतं.

आता कुठेही नवा सरपंच बसला की हाराचा फोटो मी नंतर काढतो. आधी विचारतो, चार्ज मिळाला का? किल्ली कुणाकडे आहे? दोन जाहिराती गेल्या. चालायचंच.

मंडळी, तुमच्या गावात शेवटचा चार्ज कसा दिला गेला होता? आठवत असेल तर लिहा. चांगलं घडलं असेल तर तेही लिहा.