दीड मीटरची पाहुणी

चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या त्या क्वार्टरमध्ये ती आली तेव्हा लाकडी पेटीत, मखमलीवर निजलेली होती. लांबी दीड मीटर. जाडी अंगठ्यापेक्षा जास्त. अंगावर काळ्या-करड्या विणीचं कवच, दोन्ही टोकांना सोनेरी मुलाम्याच्या पिना. काम एकच: भिंतीतल्या सॉकेटमधली वीज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत न्यायची. तिच्याआधी हे काम जी साधी वायर करायची, तिच्याकडे वीस वर्षांत कुणी वळून पाहिलं नव्हतं. हिची किंमत मात्र अख्ख्या अ‍ॅम्प्लिफायरएवढी होती.

तिचा मान जावयाचा. तिचं अंग फरशीला लागता कामा नये, म्हणून मामांनी बल्लारशाच्या सागाचे तीन ठोकळे करून घेतले आणि तिला त्यांवर टेकवलं. फरशीची कंपनं तिच्यात शिरतात असं त्यांना सांगितलं गेलं होतं. तिच्या कवचावर बाण छापलेला होता. त्याच दिशेनं ती लावायची. आणि लोणच्यासारखी ती शंभर तास मुरू द्यायची, मगच तिचा खरा गुण कळतो, असंही बजावलेलं. तिच्या चपट्या परदेशी पिना आपल्या गोल भोकांत बसेनात. मग मध्ये एक कन्व्हर्टर आला. तो जरा सैल होता, हात लावला की कोमट लागायचा. या सगळ्या व्यवस्थेत काळजी करण्यासारखी गोष्ट तेवढी एकच होती, आणि तिच्याकडेच कुणाचं लक्ष नव्हतं.

मी गेलो त्या संध्याकाळी मामांनी कूलर बंद केला, एका जुन्या मैफिलीची सीडी लावली आणि माझ्याकडे पाहिलं. "ऐक ना, तंबोरा कसा मोकळा होऊन राहिला!" त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी मान हलवली. मला फरक ऐकू आला नव्हता.

मामेभाऊ वीज केंद्रात नोकरीला. घराबाहेर आलं की केंद्राच्या चिमण्या दिसतात. 1983 साली इथला पहिला संच सुरू झाला. आता सात संच मिळून क्षमता 2920 मेगावॅट. तो म्हणाला, "बाबा, टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेते, म्हणून आपल्याकडे 50 हर्ट्झ. प्रवाह सेकंदाला शंभरदा दिशा बदलते. मंग बाण कोणत्या दिशेचा?" याच चंद्रपुराहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची 500 केव्हीची डीसी लाइन गेली आहे. एसीची डीसी करून वीज तिकडे पाठवायची आणि पडघ्याला पुन्हा एसी करायची. पुढे उपकेंद्रं, रोहित्रं, खांब, मीटर, भिंतीतल्या साध्या तारा. तिकडच्या घरात एवढं सगळं पार करून आलेल्या विजेला शेवटच्या दीड मीटरमध्ये कोणती वायर काय शिकवणार? शिवाय अ‍ॅम्प्लिफायर ती वीज आहे तशी वापरतच नाही. आतला ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, डायोड तिची डीसी करतात, मोठाले कपॅसिटर तिला सपाट करतात. स्पीकरला मिळतो तो या साठ्यातला प्रवाह. वायर पुरेशी जाड असली, जोड घट्ट असले आणि अर्थिंग नीट असलं की तिचं काम संपलं.

हे सगळं खरं आहे. तरीही मामांचा विश्वास मला कधी वेडगळ वाटला नाही, आणि त्याचं कारण तंबोराच आहे. मिरजेच्या कारागिरानं कितीही जीव ओतून तंबोरा केलेला असो, घोडीवर तारेखाली सुताचा बारीकसा धागा योग्य जागी सरकवल्याशिवाय जवारी लागत नाही. तो धागा केसभर इकडे-तिकडे झाला तरी आवाज मिटतो नाहीतर फुलतो, आणि हा फरक लहान मुलालाही कळतो. ज्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं गेलंय, तिथल्या माणसानं छोट्या गोष्टीनं मोठा फरक पडतो असं मानलं तर त्यात त्याचं काय चुकलं? फरक इतकाच की तो धागा कंप पावणाऱ्या तारेला प्रत्यक्ष शिवतो. ही पाहुणी कशालाच शिवत नाही. धाग्याची किंमत शून्य आणि तो खरा. हिची किंमत हजारोंत आणि ती नुसती देखणी. मामांच्या याच श्रद्धेवर तिचा व्यापार चालतो, म्हणून मला तिचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही परीक्षा घेतली. सेटच्या मागे चादर बांधली. मामेभाऊ नाणं उडवायचा आणि पडेल तशी जुनी किंवा नवी वायर लावायचा. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही, कारण किंचित मोठा आवाज कानाला सहसा चांगला वाटतो. अशा परीक्षा पुष्कळदा तिथेच फसतात. बारा वेळा तोच तुकडा. मामा डोळे मिटून, मांडीवर बोटं ठेवून ऐकत होते. बारापैकी पाच उत्तरं बरोबर आली.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले तं पहिल्यासारखं काहीच ऐकू येत नाही रे आता. म्हणूनच आणली होती ना ती."

मामांनी तीस वर्षं एका कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात काढली, कानांत काही न घालता. अशा गोंगाटानं ऐकणं जातं ते आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं. बोलणं ऐकू येत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. पण जवारीची बारीक झळाळी आणि झांजेची धार बरीचशी त्याच पट्ट्यात आणि त्याच्या वर असते. वय ती वरून आणखी कुरतडतं. मामांना हवा असलेला तंबोरा सीडीवर होता, अ‍ॅम्प्लिफायरमध्येही होता. तो हरवत होता कानाच्या आत, आणि तिथवर कोणतीही वायर पोचत नाही.

पुढच्या चार दिवसांत आम्ही स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन हात पुढे आणले. उघड्या भिंतीवर मामीची जुनी गोधडी टांगली, मोझॅकच्या फरशीवर सतरंजी टाकली. घुमणारा आवाज लगेच आवरला. हे मात्र चादर न बांधताही सगळ्यांना कळलं. उन्हाळ्यानं कोरड्या पडलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, तेव्हा सेटच्या पत्र्याला हात लागला की येणाऱ्या झिणझिण्या थांबल्या. सैल कन्व्हर्टर फेकून दिला आणि जुनी वायर परत जागेवर आली.

पाहुणी पुन्हा पेटीत, मखमलीवर आहे. सागाच्या ठोकळ्यांवर मामी आता गरम भांडी ठेवतात. मामांची ऑडिओमेट्री झाली, दोन्ही कानांना यंत्रं बसली.

तुमच्या घरात कुणी गिरणीत, खाणीत, टर्बाइनजवळ किंवा डीजेच्या भिंतीपुढे वर्षं काढली असतील, आणि गाणं पूर्वीसारखं लागत नाही असं ते म्हणत असतील, तर दुकानात जाण्याआधी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा.