शून्य आणि रिक्त

आमच्या तीर्थरूपांस पावसाच्या नोंदीचा नाद होता. शहापुरास आमच्या परसांत एक साधें पर्जन्यमापक असे, आणि मृगापासून दिवाळीपर्यंत दररोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी कांचेच्या मापांत ओतून ते आकडा वहींत मांडीत. ती वही अद्याप आमच्या कपाटांत आहे. तिची आठवण आम्हांस इतक्या वर्षांनीं कां झाली, तें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

२०२४ च्या ऑक्टोबरांत, दसरा आटोपून लोक कोजागरीची वाट पाहत असतां, आमच्या भागांत सलग दोन दिवस तिन्हीसांजा जोराचा पाऊस झाला. भाताची कापणी चालू होती. कापलेलें भात खाचरांत आडवें पडलें होतें, तें जागच्या जागीं भिजलें आणि पुढें त्यास मोड आले. पंधरवड्यानें किन्हवलीच्या बाजूच्या एका वाडींतील आमचा जुना विद्यार्थी घरीं आला. ओसरीवर बसून म्हणाला, "गुरुजी, पाऊस आमच्या खाचरात पडला, पण कागदात नाय पडला."

त्याचें म्हणणें असें: चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे त्या महसूल मंडळांत अतिवृष्टि झाली असें आपल्या राज्यांत धरतात, आणि नुकसान ३३ टक्के वा अधिक असेल तर शेतकरी मदतीस पात्र होतो. (२०१५ पूर्वीं ही मर्यादा ५० टक्के होती.) त्याच्या वाडीचीं नांवें यादींत आलीं नव्हतीं. कारण विचारतां, मंडळाच्या पर्जन्यमापकांत त्या दिवशीं पाऊसच नाहीं, असें उत्तर मिळालें.

आम्हीं दूरध्वनि उघडून आकडे प्रसिद्ध होतात तें संकेतस्थळ पाहिलें. जिल्हा निवडला, तालुका निवडला, मंडळ निवडलें, दिवस निवडला. समोर स्पष्ट शून्य. दुसऱ्या दिवशींही शून्य. आम्हीं आयुष्यभर मुलांस आकड्यांवर विश्वास ठेवण्यास शिकविलें. त्याच संवयीनें बोलून गेलों, "अरे, यंत्र कशाला खोटें बोलेल? पाऊस शेजारच्या शिवारांत पडला असेल." तो कांहीं बोलला नाहीं. नमस्कार करून निघून गेला. ज्यास आम्ही चार वर्षें वर्गांत ओळखीत होतों, त्यास आम्हीं एका शून्यासाठीं खोटें ठरविलें, ही गोष्ट त्या रात्रीं आम्हांस झोंप येऊं देईना.

दिवाळीच्या सुटींत कल्याणला अभियांत्रिकी शिकणारा आमचा नातू घरीं आला. त्यास म्हटलें, "बाळ, शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील सर्व मंडळांचा जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा पाऊस आम्हांस एका तक्त्यांत हवा." एका मंडळाचेच १५३ दिवस होतात, प्रत्येक दिवसास चार वेळां बोट टेंकावयाचें. हातानें करावयाचें तर माघ उजाडला असता. नातू हसून म्हणाला, "आजोबा, अर्ध्या तासाचं काम आहे." पायथन भाषेंत त्यानें लहानसा कार्यक्रम लिहिला: संकेतस्थळाचें पान मागवावें, त्यांतील कोष्टक शोधावें, आकडे उतरून घ्यावे.

अर्ध्या तासानें त्याचा चेहरा पडला. "पान येतंय, पण कोष्टकच रिकामं येतंय!" पडद्यावर जें ढळढळीत दिसतें, तें कार्यक्रमाच्या हातीं लागेना.

मग त्यानें जें समजावून सांगितलें, तें आमच्या परिभाषेंत सांगतों. संस्कृत पढलेल्या वाचकांस हें ठाऊक असेल, कीं पाणिनीचें एखादें सूत्र एकटेंच वाचलें तर बहुधा अर्थ लागत नाहीं. मागील सूत्रांतील पदें अनुवृत्तीनें आणावीं लागतात. हल्लींचीं पुष्कळ संकेतस्थळें तशींच असतात. आपण पत्ता दिला कीं प्रथम येतो तो केवळ सांगाडा: मथळा, रकाने, रिकामें कोष्टक, आणि सोबत जावास्क्रिप्ट भाषेंतील सूचना. ही भाषा १९९५ सालीं ब्रेंडन आइख यांनीं नेटस्केप कंपनींत अवघ्या दहा दिवसांत रचली. आपला ब्राउझर त्या सूचना वाचतो, त्यांबरहुकूम पुन्हा गुपचूप दुसरी मागणी धाडतो, आलेले आकडे सांगाड्यांत भरतो आणि मग आपणांस पान भरलेलें दिसतें. नातवाचा कार्यक्रम मात्र सूत्र घेऊन परतत होता. अनुवृत्ति करावी हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें.

यास उपाय दोन. पहिला असा कीं कार्यक्रमानें खराच ब्राउझर हातीं धरून चालवावा. माणसाप्रमाणें तालुका निवडावा, कळ दाबावी, कोष्टक भरलें कीं वाचावें. २००४ सालचें सेलेनियम आणि २०२० सालचें प्लेराइट हीं साधनें यासाठींच आहेत. यांत नवशिक्याची एक चूक ठरलेली. तो कार्यक्रमास सांगतो, "पांच सेकंद थांब आणि वाच." आमच्याकडे पावसाळ्यांत इंटरनेट रांगत चालतें; पांचाचे पंधरा सेकंद झाले, कीं कार्यक्रम रिकामेंच कोष्टक वाचून पुढें जातो, आणि चूक झाल्याचें कळतही नाहीं. म्हणून ठराविक वेळ न थांबतां कोष्टकांत पहिली ओळ दिसेपर्यंत थांबावयास सांगावें.

दुसरा उपाय अधिक मुळाशीं जाणारा. ब्राउझरांतच विकासकांसाठीं एक खिडकी दडलेली असते. एफ-बारा ही कळ दाबली कीं ती उघडते. तिच्यांत नेटवर्क नांवाच्या कप्प्यांत पान कोणकोणत्या मागण्या धाडतें त्यांची यादी दिसते. तालुका बदलून पाहिलें, कीं नवी मागणी उमटते. तिच्यावर टिचकी मारली, कीं आकडे मूळ स्वरूपांत दिसतात, कोष्टकाची सजावट नाहीं, रंग नाहीं. ही मांडणी जेसन या नांवानें ओळखतात. ती मागणीच कार्यक्रमानें थेट करावी. मग ब्राउझराची गरज उरत नाहीं.

नातवानें हा दुसरा मार्ग धरला. आम्हीं त्यास विचारलें, "हें परद्रव्य तर नव्हे?" त्यानें नीट उत्तर दिलें. १९९४ पासून संकेतस्थळांवर रोबॉट्स नांवाची एक लहान फाइल ठेवण्याची प्रथा आहे. यंत्रांनीं कोठें यावें व कोठें येऊं नये, तें तींत लिहिलेलें असतें. ती त्यानें आधीं वाचली होती. आकडे सर्वांस खुले होते. त्यांत कोणाचें नांव वा खातें नव्हतें. जेथें चित्रांतलीं अक्षरें ओळखून लिहावीं लागतात, तेथें ती अडसर मोडूं नये. कारण मालकानें दार लावलें आहे, असाच त्याचा अर्थ. आणि मागण्या एकदम हजार धाडूं नयेत, नाहीं तर दुसऱ्या शेतकऱ्यास तेंच पान उघडणार नाहीं. त्यानें दर दहा सेकंदांस एक मागणी ठेवली आणि कार्यक्रम रात्रीं चालविला. नातवाच्या शिक्षणावरील खर्च सत्कारणीं लागला, असें वाटलें.

सकाळीं तक्ता तयार होता. आमच्या विद्यार्थ्याच्या मंडळाची ओळ आम्हीं काढली. नातू पडद्याजवळ वांकून म्हणाला, "आजोबा, इथं शून्य नाहीये. इथं नल आहे."

नल म्हटल्यावर आम्हांस प्रथम दमयंतीचा राजाच आठवला. पण हा नल वेगळा. संगणकाच्या भाषेंत नल म्हणजे 'येथें कांहींच लिहिलेलें नाहीं'. त्या मंडळाच्या यंत्राकडून त्या दोन दिवसांचा आकडा आलाच नव्हता. मात्र पान सजविणारी जावास्क्रिप्ट, रिकामी जागा बरी दिसत नाहीं म्हणून कीं काय, तेथें शून्य छापीत होती! त्यांत पुन्हा तारखेचा घोळ. हवामानखात्याच्या पद्धतीप्रमाणें पावसाचा दिवस सकाळीं साडेआठास संपतो. सायंकाळीं पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या खात्यांत जमा होतो. या हिशेबानें पाहतां, नेमक्या त्याच दोन पावसांच्या जागा रिक्त होत्या, आणि शेजारच्या दोन मंडळांत तेव्हां ६५ ची मर्यादा ओलांडली गेली होती.

शून्य आणि रिक्त यांत केवढें अंतर! शून्य ही साक्ष आहे: 'मी पाहिलें, पाऊस नव्हता.' रिक्त म्हणजे साक्षीदारच गैरहजर. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात; पण त्यास त्यांची अट आहे, कीं वस्तु असती तर दिसली असती, अशी परिस्थिति हवी. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, म्हणून घट नाहीं असें सिद्ध होत नाहीं. हें आम्हीं तरुणपणीं पाठ केलें होतें. पण विद्यार्थी ओसरीवर बसला असतां त्यांतील एक अक्षर आम्हांस आठवलें नाहीं.

दुपारीं कपाट उघडून तीर्थरूपांची वही काढली. कोरड्या दिवसांपुढें त्यांचें वाटोळें शून्य आहे. मध्यें आषाढांतले नऊ दिवस मात्र आडवी रेघ ओढली आहे, आणि बाजूस लिहिलें आहे: 'पंढरपुरास गेलों. मोजलें नाहीं.' कोणी सांगितलें नसतांही त्या माणसास हा विवेक होता.

दुसऱ्याच दिवशीं आम्ही वाडीवर गेलों. विद्यार्थ्यापुढें चूक कबूल करणें शिक्षकास सोपें नसतें, पण केली. मग अर्ज लिहिला. त्यांत 'पासष्टांहून अधिक पाऊस पडला' असें लिहिण्याचा त्याचा आग्रह होता. तें आम्हीं लिहिलें नाहीं, कारण तेंही कोणीं मोजलेलें नव्हतें. इतकेंच लिहिलें, कीं या दोन दिवसांची नोंद उपलब्ध नाहीं, शेजारच्या मंडळांचे आकडे सोबत जोडले आहेत, सबब प्रत्यक्ष पाहणी व्हावी. पुढें पाहणी झाली, आणि वाडीचीं नांवें यादींत आलीं. मात्र पैसे हातीं पडण्यापूर्वींच, २०२५ च्या पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथील यात्रेंत, त्यानें आपली बैलजोडी विकली होती. आमचें तें एक वाक्य तोंडांतून गेलें नसतें, तर अर्ज पंधरा-वीस दिवस तरी आधीं गेला असता. बैल वांचले असते कीं नाहीं, तें सांगतां येत नाहीं.

मुंबईस पाणी देणाऱ्या सात तलावांपैकीं तानसा आणि भातसा आमच्याच तालुक्यांत आहेत. त्यांत किती पाणी आलें, तें पावसाळ्यांत दररोज वर्तमानपत्रांत छापून येतें. तेथें रिकामी जागा कोणी एक दिवसही खपवून घेणार नाहीं. वाडीच्या खाचरावरील पावसाची मोजदादही तितक्याच काळजीनें व्हावी, एवढेंच आमचें मागणें आहे. आणि घरोघरच्या सुशिक्षित तरुणांस सांगणें असें, कीं पडद्यावरचें पान म्हणजे कोणीं तरी वाढून दिलेलें ताट होय. शंका आली, तर एकदां स्वयंपाकघरांत डोकावून पाहावें.

परसांतील पर्जन्यमापक आम्हीं पुसून पुन्हा उभें केलें आहे. तसेंच एक वाडीवरच्या शाळेंतही दिलें. तेथील मुलांस पहिला धडा आडव्या रेघेचा शिकविला.